खालची ओळ कोणाची?

इटालियन संगीतकार विवाल्दीचे सहा चेलो सोनाटे पॅरिसमध्ये १७४०च्या सुमारास ल क्लेर या प्रकाशकाने छापले. मुखपृष्ठावर शब्द आहेत 'विओलोनचेलो सोलो कोल बासो', म्हणजे एकल चेलो, खर्जासह. आत एकाखाली एक अशा दोनच ओळी. वरची एकल चेलोची, खालची त्या खर्जाची. ही खालची ओळ कोणत्या वाद्याने वाजवायची, याबद्दल 'बासो' या एका शब्दापलीकडे काही सांगितलेले नाही. आज मात्र हे सोनाटे मैफलीत ऐका किंवा ध्वनिमुद्रणात, बहुतेक वेळा खालच्या ओळीवर दोन माणसे बसलेली असतात. एक हार्पसिकॉर्ड, म्हणजे पियानोच्या आधीचे कीबोर्ड-वाद्य, वाजवणारा आणि एक दुसरा चेलोवाला. छापील पानावरच्या दोन ओळींचे तीन वादक होतात आणि ते इतक्या सवयीने होतात की कोणाला विचारावेसेही वाटत नाही. या सवयीला पुरावा किती आहे, आणि खालची ओळ खरोखर कोणाची, याचा हा आढावा. माझे मत आधीच सांगतो. निदान चेलोच्या सोनाट्यात तरी ती ओळ पहिल्या हक्काने दुसऱ्या चेलोची आहे, आणि हार्पसिकॉर्ड हा तिथे बोलावला तर येणारा पाहुणा आहे.

'बासो कंटिन्यूओ', थोडक्यात कंटिन्यूओ, म्हणजे अखंड चालणारा खर्ज. ही पद्धत १६००च्या आसपास इटलीत रूढ झाली आणि पुढे दीडशे वर्षे टिकली. संगीतकार वरची चाल आणि खालचा खर्ज एवढेच लिहून द्यायचा. मधला भराव, म्हणजे त्या खर्जावर उभे राहणारे कॉर्ड, साथीदाराने जागच्या जागी भरायचे. मदतीला खर्जाच्या स्वरांवर बारीक आकडे मांडलेले असत. ६ असा आकडा दिसला की खर्जाच्या स्वरापासून तिसरा आणि सहावा स्वर धरायचा, आकडा नसेल तर तिसरा आणि पाचवा. ठुमरीच्या साथीला बसलेल्या हार्मोनियमवाल्याला कोणी कागद लिहून देत नाही. इथे अर्धा कागद लिहून दिलेला आहे, आणि सगळा वाद उरलेल्या अर्ध्याचा आहे.

आजची सवय कुठून आली ते आधी पाहू, कारण ती वाटते तितकी जुनी नाही. एकोणिसाव्या शतकात या जुन्या सोनाट्यांकडे चेलोवादक पुन्हा वळले तेव्हा त्यांच्या घरात पियानो होता आणि सभागृहातही पियानो होता. आल्फ्रेदो पियात्ती या थोर इटालियन चेलोवादकाने लोकातेल्ली, वालेन्तिनी यांच्या रचना चेलो-पियानोसाठी मांडल्या. त्यांतल्या काही मुळात व्हायोलिनच्या होत्या, पण चेलोवाल्यांनी त्या आपल्याच मानल्या. विवाल्दीच्या पाचव्या, ई मायनर सोनाट्याचा व्हँसाँ दँदी यांनी चेलो आणि तंतुवाद्यवृंदासाठी चक्क कॉन्चेर्तो केला. नंतर लुइजी दल्लापिकोला यांच्यासारख्या विसाव्या शतकातल्या बड्या संगीतकाराने त्याच सहा सोनाट्यांना पियानोची साथ लिहून दिली, आणि कित्येक पिढ्या तेच पुस्तक घेऊन शिकल्या.   पियानोच्या या पुस्तकांत खालची ओळ पियानोच्या डाव्या हातात गेली आणि उजव्या हातात संपादकाची स्वतःची रचना आली. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात जुन्या वाद्यांची चळवळ जोरात आली आणि तिने पियानो काढून हार्पसिकॉर्ड आणला. त्याच्या बारीक तारेचा नाद लवकर विझतो, म्हणून खर्ज धरून ठेवायला एक चेलोही जोडला. वाद्ये जुनी झाली हे खरे, पण मांडणी पियानोच्या काळातलीच राहिली. मधोमध कीबोर्ड आणि त्याच्या आधाराने चेलो.

आता मुळाकडे. चेलो एकल वाद्य म्हणून पुढे आला तो बोलोन्या शहरात, सान पेत्रोनिओ या अवाढव्य चर्चच्या वाद्यवृंदात. त्यामागे एक साधी तांत्रिक सोय होती. १६६०च्या सुमारास आतड्याच्या तातेवर धातूची बारीक तार गुंडाळायची युक्ती निघाली. त्याआधी खालच्या स्वरांसाठी नुसती तात जाडजूड घ्यावी लागे, ती आळशी वाजे, आणि तिला लांबी लागे म्हणून वाद्यही थोराड असे. गुंडाळलेली तात बारीक असून जड असते, त्यामुळे लहान वाद्यावरही खोल खर्ज मोकळा निघू लागला. १७०७च्या सुमारास वाद्यकारागीर स्त्रादिवारीने चेलोचे जे आटोपशीर माप पक्के केले ते पुढे सर्वांनी उचलले. त्याआधीची कितीतरी मोठी वाद्ये नंतरच्या कारागिरांनी कापून लहान केली. हात फिरू लागला, बोटे पळू लागली, आणि फक्त पाया धरून बसणारे वाद्य गाऊ लागले. दोमेनिको गाब्रिएली १६८० मध्ये सान पेत्रोनिओच्या वाद्यवृंदात चेलोवर रुजू झाला. लोक त्याला 'चेलोवाला मिंगीनो' म्हणत. १६९० मध्ये तो गेला, त्याच्या आदल्याच वर्षीचे त्याचे एकट्या चेलोसाठीचे रिचेर्कार, म्हणजे सराववजा रचना, आणि त्याचे दोन चेलो-खर्ज सोनाटे आज उपलब्ध आहेत.

याच बोलोन्यात १६८७ साली जोव्हान्नी बात्तिस्ता देली आन्तोनी याने बारा रिचेर्काते छापल्या. शीर्षकात वाद्ये दिली आहेत ती अशी: 'विओलोनचेलो ओ क्लाविचेंबालो', म्हणजे चेलो किंवा हार्पसिकॉर्ड. या लेखाचा सगळा भार त्या 'ओ'वर, त्या 'किंवा'वर आहे. कारण तो पुढे तेरा वर्षांनी त्याहून मोठ्या ठिकाणी पुन्हा दिसतो. १ जानेवारी १७०० ही अर्पणपत्रिकेची तारीख असलेल्या, व्हायोलिनवादक-संगीतकार कोरेल्लीच्या पाचव्या ओपसच्या (छापील संग्रहाच्या), म्हणजे बारा व्हायोलिन सोनाट्यांच्या मुखपृष्ठावर 'व्हायोलिन आणि व्हिओलोने किंवा चेंबालो' असे छापले आहे. व्हिओलोने म्हणजे त्या काळच्या इटलीत खर्जाचे तंतुवाद्य, बऱ्याचदा चेलोच्याच जातीचे; चेंबालो म्हणजे हार्पसिकॉर्ड. हे पुस्तक अठराव्या शतकात युरोपभर पुन्हा पुन्हा छापले गेले, आणि एकल सोनाटा म्हणजे काय हे दोन पिढ्या त्यातूनच शिकल्या. त्यात 'आणि' कुठे आहे आणि 'किंवा' कुठे आहे हे स्पष्ट आहे. व्हायोलिन आणि खर्ज. खर्जाला हे किंवा ते. दोन्ही मिळून घ्या, असे मुखपृष्ठ म्हणत नाही.

थारल्ड बोर्गीर या अभ्यासकाने १९८७च्या आपल्या पुस्तकात इटालियन बरोक, म्हणजे साधारण १६०० ते १७५० या काळातल्या, संगीताचे असे पुरावे एकत्र केले आणि सांगितले की कीबोर्डबरोबर खर्जाचे तंतुवाद्य जोडण्याची प्रथा तिथे सार्वत्रिक नव्हती. तंतुवाद्याला वेगळी ओळ असेल तर ते असे, नसेल तर नसे. पुढे १९९६ मध्ये इंग्लंडचे चेलोवादक डेव्हिड वॉटकिन यांनी कोरेल्लीच्या त्या 'किंवा'वरच एक निबंध लिहिला आणि प्रश्न उलट्या बाजूने धरला. कीबोर्ड नसेल तर आकड्यांचे काय करायचे? त्यांचे उत्तर असे की चेलोवालाच शक्य तिथे कॉर्ड वाजवायचा. निबंधाबरोबर त्यांनी ते करून दाखवण्याचा मार्गही मांडला. गंमत अशी की त्याच दशकात विवाल्दीच्या सोनाट्यांचे त्यांचे ध्वनिमुद्रण निघाले त्यात दुसऱ्या चेलोबरोबर कीबोर्ड आणि ल्यूटच्या जातीची वाद्येही आहेत. हा दुटप्पीपणा नव्हे. एक गोष्ट पटणे आणि बाजाराने ती स्वीकारणे यात काही वर्षे जातात.

चेलोवर कॉर्ड वाजवणे म्हणजे कसरत, असा एक समज आहे. तो दूर करायला एकच जागा जवळून पाहू. चेलोच्या चार तारा सी, जी, डी, ए. खर्जात जी हा स्वर आला आणि त्यावर आकडा नाही. तर जी आणि डी या तारा मोकळ्या सोडायच्या आणि ए तारेवर पहिले बोट ठेवायचे. जी, डी, बी. कॉर्ड झाला. पुढच्या मात्रेला त्याच जीवर ६ हा आकडा आला, म्हणजे आता बी आणि ई हवेत. तेच पहिले बोट उचलायचेही नाही, थोडे आडवे करून शेजारच्या डी तारेवरही टेकवायचे. जी, ई, बी. सगळी हालचाल एका बोटाच्या रुंदीची आहे. सगळ्याच जागा इतक्या सोप्या नाहीत, ई फ्लॅटवरचा एखादा कॉर्ड बोटांची परीक्षा पाहील. पण प्रत्येक स्वरावर कॉर्ड हवाच कुठे असतो? ओळीची सुरुवात, मुक्काम, कधी एखादा कडवट विसंवाद, एवढ्या ठिकाणी भरला तरी ऐकणाऱ्याच्या कानात मधला भराव उभा राहतो. उरलेल्या ठिकाणी एकेरी खर्ज पुरतो.

चेलोच्या सोनाट्यात याहून महत्त्वाचा मुद्दा स्वरपट्टीचा आहे, आणि तिथे व्हायोलिनचा सोनाटा आणि हा सोनाटा यांत मोठा फरक पडतो. व्हायोलिन वर, खर्ज खाली, मध्ये भरपूर मोकळी जागा. त्या जागेत हार्पसिकॉर्डचा उजवा हात सुखाने बसतो. चेलो मात्र खर्जाच्याच घरात राहतो. एकल ओळ कधी उंच जाते, पण उड्या मारत खालच्या सी तारेवरही येते, आणि खालच्या ओळीला ओलांडून तिच्याखालीही उतरते. अशा वेळी हार्पसिकॉर्डवाल्याने उजवा हात ठेवायचा कुठे? मध्य सीच्या वर ठेवला तर ज्याची साथ करायची त्याच्या डोक्यावर छुमछुम सुरू होते. खाली ठेवला तर कॉर्ड दाटतात आणि एकल चेलोचे शब्द गिळतात. चांगले वादक यातून वाट काढतात, पण ती वाट काढणेच असते. दुसऱ्या चेलोला ही अडचण येत नाही. दोन्ही आवाज एकाच मापाचे, एकाच रंगाचे. जो खाली तो पाया, मग तो कोणीही असो.

यावर लगेच उलटा प्रश्न येईल. एकाच रंगाचे दोन आवाज एकमेकांत गुंतणार, ऐकणाऱ्याला कोण कुठे कळणार नाही. हार्पसिकॉर्डमुळे निदान खर्ज वेगळा ओळखू येतो. हा आक्षेप रास्त आहे आणि वाईट वादनात तो खराही ठरतो. पण हे गुंतणे रचनेतच आहे. फ्रान्समध्ये ते उघडच दिसते. जाँ बारिएर याने १७३३पासून चेलो सोनाट्यांची चार पुस्तके काढली. त्यांतल्या चौथ्या पुस्तकातला जी मेजर सोनाटा सरळ दोन चेलोंसाठीच आहे, आणि त्यात कोण मुख्य आणि कोण साथीदार हे क्षणाक्षणाला बदलते. बुआमोर्तिए याने १७२६ मध्येच दोन बॅसून, दोन चेलो किंवा दोन व्हायोल (गजाने वाजवायचे जुने, पडदेवाले तंतुवाद्य) यांच्यासाठी सोनाटे छापले होते, म्हणजे खर्जाची दोन जुळी वाद्ये समोरासमोर बसवण्यात तिथल्या गिऱ्हाइकाला काही वावगे वाटत नव्हते. उलट चेलो हा नवा इटालियन पाहुणा इतका पसरला की १७४० मध्ये ह्यूबेर ल ब्लाँ यांना व्हायोलच्या बचावासाठी आणि व्हायोलिन-चेलोच्या घुसखोरीविरुद्ध एक पुस्तिकाच लिहावी लागली. ती वाचताना हसू येते, पण ज्याच्याविरुद्ध इतके तावातावाने लिहावे लागते ते जिंकत असते. पुढच्याच वर्षी, १७४१ मध्ये, मिशेल कोरेत याचे चेलो शिकण्याचे पहिले छापील पुस्तक आले.

इटलीतला याहून बोलका पुरावा पादुआचा आहे. व्हायोलिनवादक तार्तिनी आणि चेलोवादक आन्तोनिओ वान्दिनी या जोडीने आयुष्यभर एकत्र वाजवले. पादुआच्या संत अंतोनी बाझिलिकात दोघेही नोकरीला होते, १७२३ ते १७२६ प्रागमध्ये काउंट किन्स्की यांच्याकडेही दोघे बरोबरच होते. व्हायोलिन आणि चेलो. हीच त्यांची मैफल. वान्दिनी त्याआधी व्हेनिसच्या पिएता अनाथालयात चेलो शिकवत होता, म्हणजे विवाल्दीच्याच संस्थेत. १७७० मध्ये चार्ल्स बर्नी हा इंग्रज संगीत-इतिहासकार त्याला पादुआत भेटला तेव्हा म्हातारा वान्दिनी गज जुन्या पद्धतीने, तळहात वर करून धरत होता, अशी बर्नीची नोंद आहे. तार्तिनीने तर १७५०च्या एका पत्रात लेखक आल्गारोत्ती यांना कळवले की आपल्या छोट्या सोनाट्यांतला खर्ज केवळ रिवाज म्हणून लिहिलेला आहे, आपण ते त्याशिवायच वाजवतो. तार्तिनी विक्षिप्त होता, त्यामुळे यावरून सर्वसाधारण नियम काढू नये. पण छापील खर्ज आणि प्रत्यक्ष वादन यांत किती अंतर असू शकते ते यातून दिसते, आणि ते अंतर वाद्ये वाढवण्याच्या नव्हे, कमी करण्याच्या दिशेने आहे.

कीबोर्डशिवाय नुसत्या तंतुवाद्याने खर्ज धरण्याची ही परंपरा बरोक काळाबरोबर संपलीही नाही. इटालियन चेलोवादक-संगीतकार बोक्केरिनीचे वडील लेओपोल्दो डबल बास वाजवत, आणि मुलाच्या तरुणपणीच्या मैफलींत बापलेक एकत्र वाजवत. बोक्केरिनीच्या चेलो सोनाट्यांच्या हस्तलिखितांत खालची ओळ आकड्यांशिवाय असते आणि तिची चाल दुसऱ्या चेलोच्या हाताला बसणारी असते. लंडनमध्ये रॉबर्ट लिंडली चेलोवर आणि दोमेनिको द्रागोनेत्ती डबल बासवर, असे दोघे एकोणिसाव्या शतकात कित्येक वर्षे एकाच स्टँडवर बसून कोरेल्लीचे सोनाटे वाजवत होते. ऑपेरातल्या बोलगाण्यांना, म्हणजे रेसिटेटिव्हना, कॉर्ड फोडून साथ करण्यात तर लिंडलीची ख्याती होती. पॅरिस कॉन्झर्वेटरीचे चेलोचे अधिकृत पाठ्यपुस्तक शतकाच्या सुरुवातीला निघाले त्यात बोलगाण्याची साथ करणाऱ्या चेलोवाल्याला हार्मनीचे ज्ञान असलेच पाहिजे असे बजावले आहे.

आता सर्वांत वजनदार आक्षेप. कार्ल फिलिप इमानुएल बाख, म्हणजे थोरल्या बाखचा मुलगा, १७६२ मध्ये कीबोर्ड-वादनावरच्या आपल्या ग्रंथाच्या दुसऱ्या भागात लिहितो की एकल वाद्याला सर्वांत परिपूर्ण, कोणाचीही हरकत येणार नाही अशी साथ म्हणजे कीबोर्ड आणि चेलो मिळून. एवढ्या मोठ्या माणसाचे इतके स्वच्छ वाक्य असताना 'किंवा'चा कीस काढायचा कशाला? तीन गोष्टी ध्यानात घ्याव्यात. पहिली, हे बर्लिनच्या दरबारातले मत आहे, कोरेल्लीच्या मुखपृष्ठानंतर साठ वर्षांनी आणि आल्प्सच्या पलीकडून आलेले. दुसरी, ते कीबोर्डवाल्याने कीबोर्डवाल्यांसाठी लिहिलेले आहे. आचाऱ्याला विचारले तर तो जेवणावळ सुचवणारच. तिसरी आणि खरी गोष्ट, तो 'सर्वांत परिपूर्ण' म्हणतो, 'एकमेव' म्हणत नाही. ज्या काळात सगळीकडे तसेच होत असते त्या काळात असे वाक्य लिहायची गरजच पडली नसती. शिवाय त्याच्यासमोरचा 'सोलो' हा बहुधा बासरी किंवा व्हायोलिन होता, चेलो नव्हे. बर्लिनचाच बासरीवादक क्वान्त्स १७५२च्या ग्रंथात चेलोवाल्यांना सांगतो की एकल वादनासाठी एक आणि मोठ्या वृंदात साथीसाठी दुसरे, जाड तारांचे मोठे वाद्य ठेवा. साथीचा चेलो हा त्यांच्या कानात मुळातच वेगळ्या आवाजाचा प्राणी होता.

दुसरा आक्षेप आकड्यांचा. कॉर्ड वाजवायचे नसतील तर छापणाऱ्याने तांब्याच्या पत्र्यावर इतके आकडे खोदले कशाला? याचे उत्तर सोपे आहे. आकडे कॉर्ड सांगतात, वाद्य सांगत नाहीत. कोरेल्लीच्या त्याच पुस्तकात 'किंवा'ही आहे आणि आकडेही आहेत. पुस्तक विकायचे तर ज्याच्या घरी हार्पसिकॉर्ड आहे त्यालाही ते चालले पाहिजे आणि ज्याच्या घरी चेलो आहे त्यालाही. नुसता एकेरी खर्ज वाजवणाऱ्या चेलोवाल्यालाही आकड्यांचा उपयोग होतोच. हा स्वर टेकायचा की ढकलायचा, इथे विसंवाद आहे म्हणून गज दाबायचा की नाही, हे त्याला आकड्यांवरूनच कळते. आणखी एक गोष्ट छापाईची. असे सोनाटे दोन्ही ओळी एकाखाली एक घेऊन छापले जात, त्यामुळे साथीच्या चेलोवाल्याला वरचा चेलो काय करणार आहे ते पूर्ण दिसे. दोघांनी एकाच पुस्तकावर वाजवावे, अशी ही रचना आहे.

तिसरा आक्षेप मी पूर्ण मान्य करतो. सगळे सोनाटे एका जातीचे नाहीत. व्हायोलिनवादक-संगीतकार जेमिनियानी याने १७४६ मध्ये काढलेले सहा चेलो सोनाटे पाहा. खालची ओळ आकड्यांनी भरलेली, कॉर्ड मिनिटामिनिटाला वळणारे, आणि लेखक असा की पुढच्या दशकात त्याने साथीच्या कलेवर स्वतंत्र पुस्तक लिहिले. तिथे कीबोर्ड नसेल तर अर्धी रचना अंधारात राहते. पण याच तर्काने उलटेही म्हणता येते. कीबोर्डचा स्वतंत्र आवाज जेव्हा हवा होता तेव्हा रचनाकारांनी तो लिहून दिला. योहान सेबास्टियन बाखचे व्हायोल आणि हार्पसिकॉर्डचे तीन सोनाटे, बाखच्या रचनांच्या सूचीत बीडब्ल्यूव्ही १०२७ ते १०२९, यांत उजव्या हाताची स्वतंत्र ओळ लिहून दिलेली आहे. विवाल्दीने तसे केले नाही. त्याच्या सोनाट्यांत संथ-जलद-संथ-जलद असे चार भाग, प्रत्येक भागाचे दोन तुकडे, प्रत्येक तुकडा पुन्हा. खर्ज सरळ पावलांचा. आणि हार्मनी वरची ओळच उड्या मारून, कॉर्ड फोडून सांगत जाते. मध्ये भरायला फारसे काही शिल्लकच नसते.

उरला 'फिके वाटते' हा आक्षेप. पाचशे खुर्च्यांच्या सभागृहात, स्टीलच्या तारांवर, दोन चेलो खरेच फिके वाटतात. पण ही रचना त्या सभागृहासाठी नव्हती. ती घरातल्या दालनासाठी आणि हौशी गिऱ्हाइकासाठी होती. जर्मनीतल्या वीझेनथाइडच्या वाड्यातले काउंट रुडोल्फ फ्रांझ एर्वाइन फॉन शोनबोर्न स्वतः चेलो वाजवत आणि अशा रचना जमवत. विवाल्दीचे चेलोसाठीचे संगीत त्यांच्या संग्रहातही आहे. जमिनीवर टेकवायची सळई तेव्हा चेलोला नव्हती, वाद्य पोटऱ्यांत धरायचे आणि तातेच्या तारांवर वाजवायचे. तिथे दोन वाद्यांचा आवाज खोली भरून टाकतो. सभागृह मोठे म्हणून वाद्ये वाढवावी लागली तर खुशाल वाढवावीत. फक्त ती आपली आजची गरज म्हणून सांगावी, बरोक प्रथा म्हणून नव्हे.

थेट पुरावा सगळीकडे सारखा जाड नाही, हेही इथेच नोंदवले पाहिजे. १७४०च्या आसपास इटलीतल्या एखाद्या दालनात दुसऱ्या चेलोने कोणते कॉर्ड धरले याचे वर्णन कोणी लिहून ठेवले नाही. कॉर्डचा ठोस पुरावा एकोणिसाव्या शतकाच्या तोंडावरचा आहे आणि मुखपृष्ठांवरचा 'किंवा' १६८७ आणि १७००चा. मधला पूल तर्काने बांधावा लागतो. पण तीन वादकांची आजची मांडणीही तर्कावरच उभी आहे, आणि तिचा तर्क अधिक कच्चा आहे. ती मुखपृष्ठावरच्या शब्दाविरुद्ध जाते. म्हणून निवाडा असा. विवाल्दी आणि त्याचा समकालीन मार्चेल्लो यांच्यासारख्यांच्या मोकळ्या, पातळ विणीच्या सोनाट्यांत दुसरा चेलो ही पहिली निवड असावी, कॉर्ड जमतील तिथे आणि जमतील तेवढे. जेमिनियानीसारख्या दाट रचनांत कीबोर्ड बोलवावा. कीबोर्ड आला तर खर्जावरचा चेलो काढून टाकायला हरकत नाही. 'किंवा'चा अर्थ तोही आहे.

चेलोचा आवाज मराठी कानाला अनोळखी नाही. गोव्याच्या चर्चशाळांत नोटेशन शिकून मुंबईला आलेल्या वादकांनी हिंदी चित्रपटांच्या वाद्यवृंदांत तो कित्येक दशके वाजवला, आणि २००६ मध्ये एनसीपीए या मुंबईच्या कलाकेंद्राने सिम्फनी ऑर्केस्ट्रा ऑफ इंडिया उभा केल्यापासून तो मुंबईत समोर बसूनही ऐकता येतो. मुंबई-पुणे-गोव्यात चेलो शिकणारी मुले विलायती परीक्षांना बसतात तेव्हा विवाल्दी-मार्चेल्लोचे हेच सोनाटे पियानोच्या साथीने तयार करतात. परीक्षेला पियानो लागत असेल तर तो असू द्या. पण पियानोवाला मिळेपर्यंत महिना-दोन महिने विद्यार्थ्याने एकट्यानेच वरची ओळ घोटत बसावे, याला कारण नाही. शिकवणाऱ्याच्या हातात चेलो असतोच. त्याने समोर बसून खालची ओळ धरावी, एकेरी धरली तरी चालेल, आणि दुसऱ्या आठवड्यात ओळी अदलाबदल करून खालची ओळ विद्यार्थ्याला द्यावी.